वंशावळीचं सॉफ्टवेअर बनवायचंय? आधी एवढं जमवून ठेवा

लॅपटॉप नंतर उघडा, आधी एक दोनशे पानी वही घ्या आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसासमोर जाऊन बसा, कारण कोड पुढच्या वर्षीही लिहिता येईल पण मोठी आत्या पुढच्या वर्षी असेलच असं नाही. मी उशीर केला, त्याची हळहळ अजून आहे. त्यांना विचारून मोबाईलवर रेकॉर्डिंगही करा.

छापील कुलवृत्तांत असेल तर मिळवाच, पण त्यात बऱ्याचदा मुलांच्या शाखा पानंच्या पानं असतात आणि मुलीपुढे फक्त सासरचं आडनाव, तिची पोरंबाळं पुढे गायबच. आपल्या डेटाबेसमध्ये हे नको, मुलींच्या शाखाही पुढे न्या. आणि लग्नानंतर नाव बदललं तरी माणूस एकच राहावा म्हणून नावांचं टेबल माणसांपासून वेगळं ठेवा. माझ्या आजीचं लग्नात पहिलं नावही बदललेलं, त्यामुळे माहेरच्या कागदांवरून एक आणि सासरच्या कागदांवरून एक अशा तिच्या दोन एंट्री झाल्या होत्या, एकाच बाईच्या! आजोबांचंच नाव नातवाला असतं म्हणून प्रत्येकाला नंबर द्या, नावावर ओळख ठेवू नका. दत्तक असेल तर जन्मदाते आणि दत्तक घेणारे दोन्ही आईबाप नोंदवता आले पाहिजेत. आणि मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असलं की तोच पूर्वज दोन वाटांनी येतो, तेव्हा साधं झाड गृहीत धरून कोड लिहू नका.

तारखांना जास्त वेळ द्या. जुन्या वहीत ‘शके १८४२ माघ शु. ५’ असं असतं, आपण शकात ७८ मिळवून १९२० टाकून मोकळे होतो, पण शक बदलतो चैत्रात, त्यामुळे तो माघ येतो १९२१ मध्ये. म्हणून मूळ मजकूर जसाच्या तसा एका रकान्यात आणि काढलेली इंग्रजी तारीख दुसऱ्यात. जेडकॉम (GEDCOM) या, वंशावळीचा डेटा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायच्या फॉरमॅटच्या ठरलेल्या कॅलेंडरांत आपला शक नाही, २०२१ च्या ७.० आवृत्तीमध्येही नाही, पण त्यात तारखेसोबत मूळ शब्द ठेवायची सोय आहे, ती वापरा.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नावांच्या जुन्या वह्या असतात; तिथे जाणार असाल तर मूळ गाव, आडनाव, पणजोबांचं नाव लिहून न्या, ते त्यावरूनच वही काढतात, आणि फोटो परवानगीशिवाय काढू नका. मोडी वाचणारं माणूस आधीच शोधून ठेवा. युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे, तरी पानाचा फोटो आणि देवनागरी लिप्यंतर दोन्ही जपा.

ग्रॅम्प्स हे फुकट सॉफ्टवेअर टाकून आधी तीसेक माणसं भरून बघा, काय अडतं ते तिथेच कळतं. हयात लोकांच्या जन्मतारखा, फोन नंबर बाकीच्यांना दिसणार नाहीत हे पहिल्याच व्हर्जनमध्ये हवं.

आणि प्रिंटची सोय ठेवा, मोठ्या अक्षरात, ए-थ्री कागदावर, म्हणजे तो कागद आत्याच्या पुढ्यात पसरता येईल आणि ती पेन्सिलने चुका दाखवेल.