मागच्या खोलीत वायफाय पोचवायचं कसं?

गावात फायबर आलं, राऊटर समोरच्या खोलीत टीव्हीच्या डोक्यावर बसला आणि मागून पोरांची ओरड सुरू झाली, "बाबा, नेट काऊन चालत नाही?" अशा वेळी जो तो रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढं फेकणारं यंत्र, आणायला सांगतो. तो शेवटी पाहू. त्याआधीची बरीच कामं फुकटात, नाहीतर एका वायरीत होतात.

आधी मोबाइल घेऊन घरभर फिरा. वायफाय मोजणारं एखादं फुकट अ‍ॅप टाका. ते सिग्नल डीबीएममध्ये, उणे आकड्यात दाखवतं. उणे ६५च्या आसपास व्हिडिओ निवांत चालतो. उणे ८०ला फोटोही गरगर फिरत राहतो. प्रत्येक खोलीचा आकडा कागदावर लिहा, म्हणजे गाडं कुठं अडतं ते कळेल.

आपल्या घरात वाट अडवणारे तिघं: जाड भिंत, धातू आणि पाणी. मातीची दीड-दोन फुटी भिंत सिग्नल खाते, पावसाळ्यात ओल धरली की जास्तच खाते. टिनपत्रा, धान्याची कोठी, लोखंडी कपाट यांच्या आरपार तर तो जातच नाही. आणि कूलर म्हणजे पत्रा अन् पाणी दोन्ही! खिडकीत कूलर बसला की तिथून अंगणात येणारं नेट गेलंच समजा. आमच्याकडे हे कोडं सुटायला अख्खा उन्हाळा गेला.

आता राऊटर हलवा. घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, मागच्या दाराच्या रेषेत ठेवला तर उत्तम; उघड्या दारातून सिग्नल सहज निघतो. एकमजली घरात अँटेना उभ्या ठेवा, कारण सिग्नल टोकातून नव्हे तर बाजूंनी पसरतो. अगदी टिनाखाली मात्र नको. बहुतेक घरगुती राऊटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे टिनाखाली काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. फायबरची वायर स्वतः ओढू नका. आत काच असते, जास्त वाकवली की तुटते. ते काम लाइनवाल्याचं.

वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं. मागच्या खोलीतले मोबाइल २.४वर जोडा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरा, पण भिंतीपुढे लवकर दमतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये २.४साठी चॅनेल, म्हणजे पट्ट्यातली वाट, १, ६ किंवा ११ घ्या. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

एवढ्यानं भागलं नाही तर माळ्यावर पडलेला जुना राऊटर काढा आणि मागच्या खोलीत वायरीनं मुख्य राऊटरला जोडा. माझ्या मते सगळ्यात खात्रीचा उपाय हाच.

१. जुना राऊटर रीसेट करा आणि एकट्यालाच मोबाइल किंवा लॅपटॉप जोडून त्याचं सेटिंग उघडा. ब्राउझरमध्ये टाकायचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, मागच्या लेबलवर सापडतो.

२. 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' (यात राऊटर फक्त वायफाय पसरवतो) दिसला तर तोच निवडा. नसेल तर मुख्य राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असताना याला १९२.१६८.१.२५० द्या आणि डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्या मोबाइलांना आपोआप पत्ते वाटणारी सोय, बंद करा. डीएचसीपी चालू राहिलं तर दोघंही पत्ते वाटतात आणि सगळा घोळ होतो.

३. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राऊटरचाच ठेवा, चॅनेल वेगळा.

४. कॅट-६ (नेटवर्कची) वायर मुख्य राऊटरच्या 'लॅन' लिहिलेल्या पोर्टातून याच्या लॅन पोर्टात. 'वॅन' लिहिलेलं भोक फक्त अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये चालतं. वायर १०० मीटरपर्यंत चालते. निव्वळ तांब्याची मागा.

वायर नेणं शक्यच नसेल तर रिपीटर. मी पहिल्यांदा तो नेट नसलेल्या खोलीतच लावला. मोबाइलवर कांड्या पूर्ण, नेट शून्य! कांड्या मोबाइल आणि रिपीटरमधल्या सिग्नलच्या असतात. रिपीटरलाच मागून काही मिळत नसेल तर तो पुढं काय देणार? त्याला मधल्या खोलीत, उणे ६५-७० मिळतं तिथं लावा. साधा रिपीटर ऐकतो त्याच चॅनेलवर बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो.

वावरातल्या विहिरीवर कॅमेरा लावायचा असेल तर हे काही कामाचं नाही. तिथं बाहेर लावायच्या, एकमेकींकडे तोंड केलेल्या दोन ५ गिगाहर्ट्झ डिश-अँटेना लागतात. नजर थेट पोचत असेल तर किलोमीटरभर अंतर आरामात निघतं. मध्ये निंबाचं झाड आलं की खेळ संपला. ठरलेल्या ताकदीच्या मर्यादेत यासाठी २०१८पासून परवाना लागत नाही.

अंगणापलीकडच्या गोठ्यापर्यंत तांब्याची वायर उघड्यावरून नेऊ नका. जवळपास वीज पडली तर वायरीतून झटका येऊन दोन्हीकडचे पोर्ट जळतात. तिथं फायबर किंवा बिनतारी जोडणीच बरी. आणि मृगाआधी आभाळ कडाडायला लागलं की आधी राऊटरचा प्लग काढा.