गुरू ग्रह रेडिओवर कसा ऐकायचा (सामान पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या बाजारात मिळतं)

गुरू ग्रहाकडून रेडिओ लहरी येतात, त्या रेडिओवर खरखरीसारख्या ऐकू येतात. त्या ऐकायला डिश-बिश काही लागत नाही. आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटरच्या ३० डिश आहेत, पण त्या १०० मेगाहर्ट्झच्या वरचं ऐकतात आणि गुरूची ही खरखर ४० च्या खाली असते, म्हणजे या एका कामात आपली वायर भारी.

तर तपकीर गल्लीतनं घरच्या वायरिंगची तांब्याची वायर आणा, ३.५५ मीटरचे दोन तुकडे करा. टीव्हीच्या केबलची मधली तार एकाला, जाळी दुसऱ्याला जोडा. झाला २०.१ मेगाहर्ट्झचा डायपोल, म्हणजे दोन तारांचा अँटेना. दोन बांबूंवर तीन-चार मीटर उंच, आडवा, उत्तर-दक्षिण ताणा. केबलचं दुसरं टोक बॅटरीवरच्या शॉर्टवेव्ह रेडिओला, एएम मोड, आणि एजीसी (आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय) बंद होत असेल तर बंदच करा.

आता खरी डोकेदुखी. सोसायटीच्या गच्चीवर जाऊच नका, एलईडी बल्ब, चार्जर, लिफ्ट, सगळे मिळून इतका गोंधळ घालतात की गुरू बिचारा कुठल्या कुठे. पानशेतच्या बाजूला कुणाचं शेत असेल तर बघा, मध्यरात्रीनंतर जा, कारण दिवसा आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, आडवं येतं. वळवाच्या आणि पावसाळ्याच्या दिवसांत नकोच, विजेची कडकड ऐकू येते आणि वर ताणलेली तार म्हणजे जिवाला धोका.

पण रोज गेलात तरी रोज ऐकू येईल असं नाही हं. गुरूचा चंद्र आयो ४२ तासांत एक फेरी मारतो आणि जाता जाता गुरूच्या चुंबकीय क्षेत्रातले इलेक्ट्रॉन ढवळतो, त्यातनं निघालेल्या लहरी पोकळ शंकूसारख्या पसरतात, त्या शंकूची कड पृथ्वीवरनं गेली तरच आपल्याला ऐकू येणार. आयोचा हा हात १९६४ मध्ये कळला. त्यामुळे रेडिओ ज्युपिटर प्रोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आधी वेळ बघा, मगच गाडी काढा.

आवाज दोन तऱ्हेचे. एक समुद्राच्या लाटांसारखा, येतो नि ओसरतो. दुसरा लाह्या फुटल्यासारखा. शंका आली तर डायल थोडा इकडेतिकडे फिरवा, स्टेशन असेल तर गायब होईल, गुरू राहील. १९५५ मध्ये बर्क आणि फ्रँकलिन या शास्त्रज्ञांना पहिल्यांदा हा आवाज सापडला तेव्हा त्यांनाही आधी वाटलं कुठल्या तरी गाडीच्या इग्निशनची खरखर आहे.

मोबाईलवर रेकॉर्ड करताना वेळ बोलून ठेवा, सॉफ्टवेअरशी ताडून बघायला. मी नाही ठेवली, अन् ४० मिनिटं जीव मुठीत धरून रेकॉर्ड केलेली टकटक शेवटी शेजारच्या कुंपणाचं झटका मशीन निघालं.