उत्तर चुकलं? आधी चुकलेली ओळ शोधा

बीजगणिताचं उत्तर जुळलं नाही की बहुतेक मुलं सगळं खोडून पहिल्यापासून सोडवायला बसतात. मला ही सवयच सर्वांत मोठी चूक वाटते, कारण दुसऱ्यांदाही हात त्याच ठिकाणी घसरतो.

५ − २(क्ष − ३) = १ हे समीकरण घ्या. पुढची ओळ अनेकजण ५ − २क्ष − ६ = १ अशी लिहितात आणि क्ष = −१ काढतात. पुस्तकातलं उत्तर ५ आहे. आता क्षच्या जागी ५ ठेवून प्रत्येक ओळ तपासा. पहिल्या ओळीत ५ − ४ = १, बरोबर. दुसऱ्या ओळीत डावीकडे −११ येतात, उजवीकडे १. म्हणजे कंस सोडवतानाच बिघडलं: −२ ने −३ ला गुणलं की +६ येतात. उत्तर माहीत नसेल, तर आपलंच उत्तर मूळ समीकरणात घालून ताळा करा.

पक्षांतराचं पाठांतरही फसवतं. ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ एवढंच लक्षात ठेवलेला मुलगा ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ लिहितो. इथे ३ गुणलेले आहेत, म्हणून दोन्ही बाजूंना ३ ने भागायचं.

एका चुकीत मात्र हा ताळाही अपुरा पडतो. क्ष² = ५क्ष मध्ये क्षने भागलं की ५ मिळतात, ताळाही जुळतो, पण क्ष = ० हे दुसरं उत्तर हरवतं. सगळं एका बाजूला आणून अवयव पाडा: क्ष(क्ष − ५) = ०.

सांख्यिकीत गोंधळ होतो तो वारंवारता सारणीत, म्हणजे कोणता गुण किती जणांना मिळाला हे दाखवणाऱ्या तक्त्यात. समजा, २, ३, ४, ५ या गुणांच्या वारंवारता ४, ६, ८, २ आहेत. प्रत्येक गुण गुणिले त्याची वारंवारता, या गुणाकारांची बेरीज ६८. तिला चार ओळी म्हणून ४ ने भागलं तर मध्य (सरासरी) १७ येतो, आणि सर्वांत मोठा गुण तर ५ आहे! भागायचं एकूण वारंवारतेने, २० ने, मध्य ३.४. मध्य नेहमी लहानात लहान आणि मोठ्यात मोठ्या प्राप्तांकाच्या दरम्यान असतो, एवढं पाहिलं तरी अशी चूक पकडली जाते. बहुलक, म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेला गुण, इथे ४. ८ ही त्याची वारंवारता.

आणि मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या, काढताना आधी संख्या चढत्या क्रमाने लावा. ७, ३, ९, ४, १२ मध्ये मधोमध ९ दिसतात, पण मध्यक ७ आहे.