आघात सोसलेल्या स्त्रियांचे समुपदेशन करताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात समुपदेशकासमोर येऊन बसणारी स्त्री आपल्यावर अत्याचार झाला, असे सांगत सहसा येत नाही. रात्री झोप लागत नाही, डोके ठणकते, मुलांवर उगाच हात उगारला जातो, अशा तक्रारी घेऊन ती येते. किंवा गटातल्या एखाद्या बाईने ‘एकदा जाऊन तर बघ’ म्हटले म्हणून येते. त्या तक्रारींमागचा आघात ओळखणारे समुपदेशकही पुढे चुकतात आणि बहुतेक चुकांच्या मुळाशी घाई असते: हकीकत काढून घेण्याची, संसार सावरण्याची, कधी तक्रार नोंदवून मोकळे होण्याची.

पहिल्याच भेटीत सगळे विचारणे

आघाताची आठवण मनात सलग राहतेच असे नाही. दाराची कडी वाजल्याचा आवाज लख्ख आठवतो, वार मात्र आठवत नाही. एका भेटीत आधी सांगितलेला प्रसंग पुढच्या भेटीत नंतर येतो. याला खोटेपणा समजून उलटतपासणी करणे आणि ‘तेव्हा आरडाओरडा का केला नाही’ असे विचारणे, या दोन्हींनी ती कायमची गप्प होते. भीतीच्या टोकाला शरीर थिजते, घशातून आवाज फुटत नाही, हे समुपदेशकाला ठाऊक असावे आणि योग्य वेळी तिलाही सांगावे, कारण हाच प्रश्न ती स्वतःला रोज विचारत असते. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळे बोलून घेण्याची पद्धत वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही सांगणे आहे. “कुठून सुरू करू, अक्का?” असे तिने विचारले, तर “सांगवेल तेवढंच सांगा, आज नाही सांगितलं तरी चालेल,” एवढे उत्तर पुरते.

बोलता बोलता तिची नजर भिंतीवर खिळली, आवाज सपाट झाला, पदराचे टोक बोटाभोवती घट्ट गुंडाळले गेले, की पुढचा प्रश्न थांबवावा. पाय फरशीवर टेकवायला सांगावे, फरशी गार लागते का ते विचारावे, खिडकीतून दिसणाऱ्या दोन-तीन वस्तूंची नावे घ्यायला लावावीत. आपल्याकडे अशा वेळी डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावण्याची हौस फार आहे. परंतु अनेक स्त्रियांना डोळे मिटताच तोच प्रसंग समोर दिसतो, त्यामुळे डोळे उघडे ठेवूनच हे करावे.

तडजोडीला समुपदेशन म्हणणे

सीमाभागात भावकी, गल्लीतले पंच आणि दोन्हीकडचे मामा मिळून वाद मिटवण्याची जुनी रीत आहे. जमिनीच्या बांधावरून झालेल्या भांडणात ती चालून जाते, परंतु मारहाणीत चालत नाही, कारण तेथे दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. नवरा-बायकोला शेजारी बसवून ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ असे म्हणणारा समुपदेशक पंचाच्याच खुर्चीत बसलेला असतो. नवऱ्यासमोर ती खरे बोलली, तर त्याची किंमत तिला त्याच रात्री घरी मोजावी लागते.

कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चा आहे आणि त्याखालील नियम २००६ चे आहेत. न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या समुपदेशनात प्रतिवादीला हिंसेचे समर्थन करता येणार नाही आणि ही गोष्ट त्याला कामकाज सुरू होण्यापूर्वीच सांगावी, असे त्या नियमांत नमूद आहे. सर्व पक्षांनी लेखी संमती दिल्याशिवाय कोणत्याही पक्षाच्या नात्यातील व्यक्तीला समुपदेशक म्हणून नेमता येत नाही, हेही त्यांतच आहे. सगळेच एकमेकांचे पाहुणे असलेल्या गावांत ही दुसरी अट विशेष जपावी लागते. ‘आता तरी बाहेर पड’ असा आग्रह धरणे ही याच चुकीची दुसरी बाजू होय. घर सोडण्याच्या सुमारास आणि त्यानंतर हिंसेचा धोका पुष्कळदा वाढतो, म्हणून कागदपत्रे कोठे ठेवायची, कोणाच्या घरी जायचे, हे तिच्याशी बोलून आधी ठरवावे आणि दिवस तिलाच निवडू द्यावा.

मराठी हकीकत, कन्नड कागद

पोलीस ठाण्यातील जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो आणि हकीकत सांगणारी बाई बऱ्याचदा फक्त मराठी बोलते. अशा वेळी सोबतच्या दिराला किंवा दहावीतल्या मुलीला दुभाषी करणे ही गंभीर चूक आहे. दीर सोयीचे तेवढेच सांगतो आणि मुलीच्या तोंडून आईवरचा अत्याचार वदवून घेणे हा त्या मुलीवरचा नवा आघात ठरतो. समुपदेशकाने स्वतः दुभाष्याचे काम केले, तर तिचे मोघम शब्द कायद्याच्या भाषेत घोटीव करू नयेत; ती ‘अंगावर आला’ एवढेच म्हणाली असेल, तर तेवढेच सांगावे. नोंदवलेली फिर्याद तिला वाचून दाखवणे आणि तिची प्रत विनामूल्य देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये, हे तिला ठाण्यात जाण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

गुप्ततेच्या बाबतीत थोडक्यात. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातील स्त्रीला साध्या सरकारी बसने तालुक्याला येण्यासाठी घरात पैसे मागावे लागत नाहीत, पण त्याच बसमध्ये अर्धे गाव असते. म्हणून भेट बाजाराच्या दिवशी ठेवावी आणि तिच्या घरच्या फोनवर संदेश पाठवू नये. ‘कोणालाच सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. अठरा वर्षांखालील मुलीवरील लैंगिक अत्याचार कळवणे पोक्सो कायद्याने सक्तीचे आहे आणि ही मर्यादा तिने बोलायला सुरुवात करण्यापूर्वीच स्पष्ट झालेली बरी.

जेथे उशीर करता येत नाही

बलात्कारानंतर एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, गर्भधारणा टाळण्याची गोळी जितकी लवकर तितकी चांगली, आणि वैद्यकीय नमुने साधारणतः ९६ तासांपर्यंत घेतले जातात. तक्रार करायची की नाही हे ठरलेले नसले, तरी उपचार थांबवू नयेत. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने ते मोफत देणे बंधनकारक आहे. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. ऊस-तंबाखूच्या पट्ट्यात फवारणीचे औषध घरातच ठेवलेले असते, ते कोठे आहे आणि कोणाच्या ताब्यात देता येईल, हे त्याच भेटीत बोलावे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिच्याकडून पाठ करून घ्यावा. रात्री एकट्या बाईला त्याचा उपयोग होतो.

सीमेपलीकडे दिलेल्या मुलींच्या बाबतीत एक चूक वारंवार आढळते. सासर कागल किंवा गडहिंग्लजला असले, की ‘हे प्रकरण महाराष्ट्राचे’ म्हणून तिला परत पाठवले जाते. वास्तविक २००५ च्या कायद्यानुसार ती तात्पुरती जेथे राहते तेथील न्यायदंडाधिकाऱ्याकडेही तिला अर्ज करता येतो आणि त्याने दिलेला आदेश देशभर लागू होतो. माहेरी निपाणीत राहून निपाणीतच अर्ज करता येतो, हे तिला वेळेवर सांगितले, तर दर तारखेला सासरच्या गावी एकटीने जाण्याच्या धास्तीपायी ती अर्जच टाळत नाही.