नवरा-बायको मिळून ॲनिमेशन शिकताय? या चुका टाळा

भडंगाच्या पुडीतून एक शेंगदाणा निसटतो आणि आयर्विन पूल ओलांडून पळून जातो. आमच्या पहिल्या फिल्मची गोष्ट एवढीच. पूल पुठ्ठ्याचा, कृष्णामाई म्हणजे माझी जुनी निळी ओढणी आणि स्टुडिओ म्हणजे सांगलीतल्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल, रात्री भांडी आवरल्यावर. दोघांनाही ॲनिमेशनचा गंध नव्हता. फोन, स्टँड आणि स्टॉप मोशन स्टुडिओ हे ॲप, एवढ्यावर उडी मारली. स्टॉप मोशन म्हणजे वस्तू जराशी सरकवायची, एक फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची; सगळे फोटो भराभर दाखवले की वस्तू चालताना दिसते.

पहिली चूक लांबीची. यांनी तीन मिनिटांची फिल्म ठरवली. सेकंदाला १२ फोटो धरले तर २१६० फोटो होतात आणि आमचे एका रात्रीत जेमतेम ६० व्हायचे. म्हणजे ३६ रात्री! शेवटी ४० सेकंदांवर आलो. तुम्ही १० सेकंदांपासून सुरुवात करा. १२० फोटो दोन रात्रींत होतात आणि उत्साह टिकतो.

खरा घोळ हातांचा. पहिला शॉट चालवून पाहिला तर शेंगदाणा दहा पावलं डौलात, मग दोन ढांगा, पुन्हा मुंगीच्या चालीनं. हे फूटपट्टीनं मोजून सरकवायचे, मी अंदाजानं, आणि दर पाच मिनिटांनी आमची अदलाबदल. 'अगं, किती ढकललास?' 'अहो, मघाशी तुम्हीच तेवढा सरकवलात!' एकट्यानं काम करणाऱ्याला ही अडचण येत नाही, जोडप्याला हमखास येते. उपाय साधा: एका शॉटला एकच हात. दुसऱ्यानं बटण दाबायचं आणि आकडे वहीत लिहायचे. अदलाबदल शॉट संपल्यावरच. फ्रेमच्या बाहेर टेबलाच्या कडेला आलेख कागदाची पट्टी चिकटवली की वादच उरत नाही. मात्र सगळी अंतरं सारखीही नकोत, नाहीतर दोऱ्यानं ओढल्यासारखं दिसतं. निघताना २ मिलिमीटर, मध्ये ५, थांबताना पुन्हा २.

मध्येच टेबलाला धक्का लागला तर? ॲपमध्ये आधीचा फोटो पुसट दाखवणारी ओनियन स्किनची सोय असते, तिच्यावर जुळवून बघा. जुळलं नाही तर शॉट तिथंच तोडा आणि कोन बदलून पुढं चला. आम्ही एकदा हट्टानं तसंच रेटलं, तर पूल भूकंप झाल्यासारखा उडाला.

चित्र लुकलुकतंय, ही तक्रार सगळ्यांचीच. फोन प्रत्येक फोटोला उजेड आणि रंग नव्यानं ठरवतो म्हणून असं होतं. एक्स्पोजर (उजेड), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) तिन्ही लॉक करा. खिडकीच्या उजेडावर विसंबू नका, ढग आला की सीन बदलतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते आणि फोटोत पट्टे उमटतात. शटर, म्हणजे एक फोटो टिपायचा वेळ, १/५० सेकंद ठेवलं तर ते जातात. एवढं करूनही आमची एक फिल्म लुकलुकत होती. कारण सापडायला दोन दिवस लागले: यांचं पांढरं बनियन! हे वाकले की त्याचा उजेड पुलावर पडायचा. आता शूटिंगला दोघांचेही गडद कपडे.

फिल्म दुप्पट वेगानं पळत असेल तर एडिटिंगचा प्रोजेक्ट सेकंदाला २४ फ्रेमचा (म्हणजे २४ चित्रांचा) आहे का बघा. १२ च्या हिशेबानं काढलेला प्रत्येक फोटो तिथं दोन फ्रेम धरावा लागतो. खराब फोटो काढून टाकलात तर क्रमांक पुन्हा सलग करा. मध्ये आकडा तुटला की काही सॉफ्टवेअर तिथं क्लिपचे दोन तुकडे करतात.

चुका काढायच्या त्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा घेताना. रात्री बारा वाजता 'मी सांगितलं होतं' म्हणू नये. दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप उगवताना एकेक फ्रेम करून टिपलं होतं. तेवढा धीर आमच्यात नाही, पण सकाळपर्यंत थांबणं जमतं.

आणि तेलकट भडंग सेटवर आणू नका. कागदावर डाग पडतात, पंख्यानं चुरमुरे उडतात. कोरडे चुरमुरे डबल टेपनं चिकटवा, पंखा बंद. शेवटच्या शॉटला मी पाणी प्यायला उठले आणि परत आले तर पुलावर नायकच नव्हता. हे शांतपणे काहीतरी चावत होते. तेव्हापासून सारख्या दिसणाऱ्या पाच शेंगदाण्यांची वेगळी डबी असते, आणि ती माझ्याकडे.