पश्चात्ताप करताना या चुका टाळा: डोळे भिजतात, पण पाऊल का वळत नाही?

संजीवन सभेची, म्हणजे विश्वास पुन्हा जागा व्हावा म्हणून भरवलेल्या ख्रिस्ती सभांची, शेवटची रात्र. पेटीवर गीत हळू वाजत असतं, वक्ते विचारतात, "आज प्रभूकडे परत कोण येणार?" हात वर जातात, माणसं पुढे येऊन गुडघे टेकतात. मीही असा तीन वेळा पुढे गेलोय. तिन्ही वेळा खरंच रडलो, आणि तिन्ही वेळा पंधरा दिवसांत पुन्हा होतो तिथेच. पुष्कळ वर्षं मला वाटायचं की माझं रडणंच कमी पडलं, पुढच्या सभेत आणखी मनापासून रडायला हवं. गाडं अडलं होतं ते भलतीकडेच.

आपला मराठी शब्दच बघा. पश्चात् म्हणजे नंतर, ताप म्हणजे होरपळ. करून बसल्यावर जीव जळतो, तो पश्चात्ताप. शब्द खरा आहे, पण तो जळण्यापाशी थांबतो. जुन्या करारात यासाठी जो हिब्रू शब्द पुन्हा पुन्हा येतो तो 'शूब'. त्याचा अर्थ साधा आहे: मागे फिरणं, परत येणं. चुकीच्या वाटेला लागलेला माणूस फिरतो तसं. नव्या करारातला ग्रीक शब्द 'मेटानोइया', म्हणजे मन पालटणं. योएल संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायात उपास आहे, आक्रंदन आहे, वस्त्रं नव्हे तर हृदयं फाडा असंही आहे. पण तिथली आज्ञा आहे "मनापासून माझ्याकडे वळा". अश्रू वाटेवर भेटतात. वळणं वेगळं. खाली ज्या चुका सांगतोय त्यातल्या बहुतेक एकाच गैरसमजातून येतात: ताप आला म्हणजे आपण वळलो.

पकडलं गेल्याचं दुःख हाच पश्चात्ताप समजणं

शौल राजाची गोष्ट शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात आहे. अमालेकी या शत्रू लोकांचं सारं नष्ट कर असा देवाचा हुकूम होता, शौलाने राजा अगाग आणि उत्तम गुरं-मेंढरं राखून ठेवली. संदेष्टा शमुवेल येतो तेव्हा शौल म्हणतो, परमेश्वराची आज्ञा पाळली. मागे मेंढरं ओरडत असतात. मग तो लोकांवर ढकलतो, मग यज्ञासाठी ठेवली म्हणतो, आणि अगदी शेवटी "मी पाप केलं आहे" असं कबूल करतो. पण लगेच पुढे जोडतो: तरी वडीलजनांसमोर आणि इस्राएलासमोर माझा मान राख.

शौलानंतरच्या दावीद राजाचं पाप त्याहून हलकं नव्हतं. परस्त्री, आणि तिच्या नवऱ्याचा जीव. नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगून त्याला गाठलं, तेव्हा दावीद एवढंच म्हणाला: मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. पुढे 'तरी' नाही, 'पण' नाही.

स्वतःला तपासायचं असेल तर एक प्रश्न विचारा. हे कधीच, कोणालाच कळणार नाही अशी खात्री असती, तरी मला ते सोडायचं होतं का? उत्तर 'नाही' आलं तरी घाबरू नका. तेच उत्तर देवापुढे ठेवा, "प्रभो, मला हे सोडावंसंच वाटत नाही" अशी प्रार्थना करा. स्तोत्र 51 मध्ये 'शुद्ध हृदय उत्पन्न कर' या विनवणीत जे हिब्रू क्रियापद आहे, तेच उत्पत्तीच्या पहिल्या वचनात देवाने आकाश व पृथ्वी उत्पन्न केली तिथे आहे. नसलेलं निर्माण कर, असं मागणं आहे ते.

मोघम कबुली

"विचाराने, शब्दाने, कृतीने आम्ही पाप केलं आहे." उपासनेत सगळे मिळून म्हणतो ते योग्यच आहे. पण घरीही तेवढ्यावरच थांबलो तर त्या वाक्यामागे लपता येतं. "मी जरा रागीट आहे" ही कबुली नाही, ते स्वतःचं वर्णन झालं. "मंगळवारी जेवताना मी आईला सगळ्यांदेखत तोडून बोललो", ही कबुली. कोण, केव्हा, काय, किती. कागदावर लिहा आणि नंतर फाडून टाका. लिहिताना हात जिथे अडतो, बहुतेक वेळा मूळ तिथेच असतं.

देवाशी मिटवलं, माणसाशी नाही

इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझी गाडी याच ठिकाणी अडली होती.

आमची विहीर सामाईक. दादा कामाला शहरात, मी गावी. जुनी मोटर आणि पाइप मी विकले आणि दादाला सांगितलं, आठ हजार आले. आले होते चौदा. त्याच्या वाटचे सात व्हायला हवे होते, मी त्याच्या हातावर चार ठेवले. त्यानंतर सहा वर्षं, दर लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, दिवसांत मी "प्रभो, माझ्या लोभाची क्षमा कर" अशी प्रार्थना केली. डोळ्यांत पाणी यायचं. तीन हजार रुपये मात्र माझ्याकडेच होते.

जक्कयाची गोष्ट मी संडेस्कूलमध्ये कितीदा शिकवली असेल. येशूला पाहायला झाडावर चढलेला बुटका जकातदार, उंबराचं झाड, मुलांना हातवाऱ्यांसकट आवडते. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करीन म्हणाला, हेही शिकवलं. पण गणनाच्या पाचव्या अध्यायातला नियम मी एका वर्षी पहिल्यांदा नीट वाचला: पापाची कबुली द्यावी, ज्याचं नुकसान केलं त्याला पूर्ण भरपाई द्यावी आणि वर पाचवा हिस्सा घालावा. कबुली आणि भरपाई एकाच दमात. मी हिशेब केला. तीन हजार, त्यावर सहाशे.

पाकीट घेऊन दादाकडे गेलो. सगळं सांगितलं. त्याने नोटा मोजल्या, खिशात ठेवल्या, वहिनींना चहा टाकायला सांगितला. "माफ केलं" असं काही म्हणाला नाही. पुढचे चार महिने फोनही नाही. मग एके दिवशी आला: "कांद्याला पाणी कधी देतोयस?" आमचं बोलणं तिथून सुरू झालं. पण खरं सांगायचं तर त्या चार महिन्यांतच मला पहिल्यांदा शांत झोप लागायला लागली होती, त्याच्या क्षमेआधीच.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे बोलणं गालीलात झालं आणि वेदी होती यरुशलेमात. ऐकणाऱ्यांसाठी ती काही दिवसांची पायी वाट होती. म्हणजे अर्पण सोडून घरी परत जा, मिटव आणि पुन्हा एवढं चालत ये. आपल्याला तर फोन करायचा असतो.

काही गोष्टी मात्र जपून करा. समोरच्याने क्षमा करावीच असा हट्ट धरू नका, तो त्याचा वेळ घेईल. आपलं मन हलकं करण्यासाठी दुसऱ्याच्या संसारात आग लावेल अशी कबुली देण्याआधी पाळकांशी किंवा जाणत्या माणसाशी बोला. आणि जिथे गुन्हा घडलाय, बायकोला मारहाण, मुलांवर अत्याचार, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पैशांची अफरातफर, तिथे "मी देवासमोर पश्चात्ताप केला" हे कायद्यापासून लपण्याचं ठिकाण होऊ शकत नाही. पीडित व्यक्तीला "आता क्षमा कर, तो बदललाय" म्हणून दबाव आणणं, हे मी मंडळ्यांमध्ये पाहिलंय आणि ते चूक आहे. खरोखर वळलेला माणूस परिणाम भोगायला तयार असतो. दावीदाला क्षमा मिळाली, तरी त्याच्या घरातली तलवार काही थांबली नाही.

पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त यांची गल्लत

हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. चाळीस दिवस मटण बंद, अनवाणी चालणं, मंडळीला पंखा देणं, आणि मनात हिशेब: आता फिटलं. नवस फेडण्याची सवय आपल्या मातीत आहे, ती बाप्तिस्म्याच्या पाण्यात आपोआप धुऊन जात नाही. पण योहानाच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय सांगतो की आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त ख्रिस्त स्वतः आहे. ते आधीच झालंय. आपल्या वाट्याला वळणं आहे.

उपास करू नका असं मी म्हणत नाही. उपासाने मन जागं होतं. कॅथलिक बांधवांना पापनिवेदनानंतर फादर एखादी प्रार्थना किंवा सत्कृत्य सांगतात, तेही क्षमेची किंमत म्हणून नसतं. पापाने जे विस्कटलं ते सावरण्यासाठी असतं. दादाला दिलेल्या छत्तीसशे रुपयांनी मी देवाकडून काही विकत घेतलं नाही. ते पैसे दादाचेच होते.

"मी तर जन्मापासून ख्रिस्ती"

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. एवढी विदुषी, बायबल कसून वाचलेली. तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं की आठ वर्षांनंतर त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. नंतर 1905 च्या जानेवारीपासून त्यांच्या केडगावच्या मुक्ती या आश्रमात बायका-मुली जागृतीसाठी प्रार्थनेला जमू लागल्या आणि जूनमध्ये ती जागृती आली, तेव्हा तिथे पापांची कबुली देणाऱ्या रोज बायबल ऐकणाऱ्या मुली होत्या.

लूकच्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या मुलाची गोष्ट आठवा: धाकटा घर सोडून गेला, सगळं उडवून परत आला. त्यातला थोरला मुलगा बघा. तो घर सोडून कुठेच गेला नाही. रोज शेतावर जात होता. आणि गोष्टीच्या शेवटी तोच घराबाहेर उभा आहे.

घर झाडलं आणि रिकामं ठेवलं

लूक 11 मध्ये येशू सांगतो, अशुद्ध आत्मा निघून जातो, परत येऊन पाहतो तर घर झाडलेलं, सजवलेलं; मग तो आणखी सात घेऊन येतो. फक्त सोडून भागत नाही. संध्याकाळी सात ते नऊ गुत्त्यावर जाणाऱ्याने गुत्ता सोडला, तर सात ते नऊ या वेळेचं काय करायचं हे आधी ठरलेलं हवं. मोबाइलवर नको ते पाहण्याची सवय असेल तर रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि उशाशी दुसरं काहीतरी. एक माणूस असा हवा ज्याला तुम्ही थेट "आज पडलो" असं सांगू शकाल. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहे ते यासाठीच. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत एकट्याने दारू तोडू नये, त्यात जिवाला धोका असतो. डॉक्टरांना विचारून तोडा. त्याने विश्वास कमी ठरत नाही.

पुन्हा पडलो म्हणजे पहिला पश्चात्ताप खोटा

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1517 साली जे पंचाण्णव मुद्दे मांडले त्यातला पहिलाच असा: येशू 'पश्चात्ताप करा' म्हणाला तेव्हा विश्वासणाऱ्याचं सबंध आयुष्यच पश्चात्ताप असावं असं त्याला हवं होतं. एका रात्रीत उरकून टाकायचं हे काम नाही. तेच पाप दहाव्यांदा झालं, तर दहाव्यांदा वळायचं. फक्त दहाव्यांदा पुन्हा त्याच पद्धतीने लढू नका. पडण्याआधीचा तास कसा जातो ते शोधा.

यहूदा आणि पेत्र हे येशूचे दोन शिष्य. एकाने त्याला पैशांसाठी पकडून दिलं, दुसऱ्याने 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलं; दोघांनीही एकाच रात्री प्रभूचा घात केला. यहूदाने तर चांदीची तीस नाणी परतही केली. पण मत्तयाने त्याच्यासाठी जो ग्रीक शब्द वापरला तो मन पालटण्याचा नेहमीचा शब्द नाही, नुसत्या पस्तावण्याचा आहे. तो नाणी घेऊन याजकांकडे गेला आणि तिथून गळफासाकडे. पेत्र रडला, पण शिष्यांमध्येच राहिला. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाच्या विस्तवाचा उल्लेख दोनच ठिकाणी आहे: पेत्राने नाकारलं त्या अंगणात, आणि उठलेल्या येशूने किनाऱ्यावर मासे भाजले तिथे. त्या दुसऱ्या विस्तवाजवळ तीनदा विचारलं गेलं, "माझ्यावर प्रीती करतोस का?"

अपराधीपणा महिनोन्महिने उतरत नसेल, कबुली देऊनही मन तीच पापं उगाळत असेल, झोप-भूक गेली असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर तो पश्चात्तापाचा खोलपणा समजू नका. आजच कोणाला तरी सांगा, पाळकांना आणि डॉक्टरांनाही. एकटे राहू नका.

येत्या लेंटपर्यंत थांबणं

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावताना मार्कच्या पहिल्या अध्यायातले शब्द उच्चारले जातात: पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा. ते चाळीस दिवस मोलाचे आहेत. पण आज टोचतंय ते फेब्रुवारीवर ढकललं तर तोवर टोचणी बोथट होते, हा माझा सहा वर्षांचा अनुभव.

थांबण्याचं आणखी एक कारण असतं: शब्द जुळत नाहीत. उधळ्या मुलाच्या गोष्टीतल्या धाकट्यानेही घरी परतण्याआधी डुकरांपाशी बसून वाक्यं पाठ केली होती. बाबा, मी स्वर्गाविरुद्ध व तुमच्यासमोर पाप केलं आहे; तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही; मला एका मोलकऱ्याप्रमाणे ठेवा. तो दूर असतानाच बापाने त्याला पाहिलं आणि धावत जाऊन गळ्यात पडला. मुलाने पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं. मोलकऱ्याचं वाक्य तोंडातच राहिलं, कारण बापाने तोवर चाकरांना हाक मारून झगा आणायला सांगितलं होतं.