स्नायूच्या बायोप्सीत पेशीमृत्यू तपासताना

स्नायूचा तंतू म्हणजे शेकडो केंद्रकं असलेली एकच लांब पेशी. ट्यूनेल तपासणीत (डीएनएच्या तुटक्या टोकांना चमकती खूण लावणाऱ्या चाचणीत) त्यातलं एखादं केंद्रक चमकलं, म्हणून तंतू मेला असं होत नाही. शिवाय ते केंद्रक तंतूचंच की आत शिरलेल्या मॅक्रोफेजचं (मेलेल्या पेशी गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशीचं), हे आधी ठरवावं लागतं.

बायोप्सीसाठी, म्हणजे तपासायला तुकडा काढण्यासाठी, मध्यम अशक्त झालेला स्नायू निवडा. पार झिजलेल्यात चरबीच हाती लागते. ईएमजीची (स्नायूतली विद्युतक्रिया मोजणाऱ्या तपासणीची) सुई टोचलेली जागा टाळा, सुईनेही तंतू मरतात. तुकडा सलाइनने ओल्या, घट्ट पिळलेल्या गॉझमध्ये गुंडाळा. सलाइनमध्ये बुडवू नका. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा शहरातल्या शहरात रावपुऱ्यातून अलकापुरीला न्यायचा असला तरी बंद डबी बर्फाच्या थर्मासमध्येच हवी. तुकड्याला मात्र बर्फ थेट लागू देऊ नका.

गोठवायला द्रव नायट्रोजनने उणे १६० अंशांच्या आसपास थंड केलेलं आयसोपेंटेन हे द्रव हायड्रोकार्बन वापरा. थेट नायट्रोजनमध्ये टाकल्यास तुकड्याभोवती वायूचा थर धरतो, गोठणं मंदावतं आणि बर्फाचे स्फटिक तंतूंना भोकं पाडतात.

क्रायोस्टॅटवर (गोठलेल्या तुकड्याचे पातळ काप करणाऱ्या यंत्रावर) ८ ते १० मायक्रॉनचे काप घ्या. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये (पेशी आहेत तशा पक्क्या करणाऱ्या द्रावणात) २० मिनिटं ठेवून पीबीएस या क्षारांच्या द्रावणाने धुवा. ०.१ टक्का ट्रायटन (पेशीपटल सच्छिद्र करणारं डिटर्जंट) बर्फावर २ मिनिटं, मग टीडीटी या खूण जोडणाऱ्या विकराचं मिश्रण ३७ अंशांवर ६० मिनिटं, ओलसर पेटीत. कडा सुकल्या की खोटी चमक येते. एका कापावर आधी १० मिनिटं डीएनेज (डीएनए तोडणारं विकर) द्या, तो चमकलाच पाहिजे. दुसऱ्यावर टीडीटी वगळा, तो काळाच राहिला पाहिजे.

तंतूची कड दाखवायला डिस्ट्रोफिन हे पटलालगतचं प्रथिन सोयीचं, पण ड्यूशेन या आनुवंशिक स्नायुरोगात तेच नसतं; तिथे स्पेक्ट्रिन हे पटलालगतचं दुसरं प्रथिन घ्या. तंतूच्या बाहेरच्या आवरणातल्या लॅमिनिनवर विसंबलात तर त्याच्या आत बसलेल्या सॅटेलाइट पेशीही (स्नायू दुरुस्त करणाऱ्या मूळ पेशी) तंतूच्या केंद्रकांत मोजल्या जातात.

नेक्रोसिसमध्येही (इजेने पेशी फुटून मरते तेव्हाही) डीएनए तुटतो, म्हणून शेजारच्या कापावर सक्रिय कॅस्पेज-३ (ॲपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचा नियोजित मृत्यू, घडवणारं विकर) हवंच. प्रौढ तंतूंत एपाफ-१ (कॅस्पेज सक्रिय व्हायला लागणारं प्रथिन) कमी असतं, त्यामुळे ते ॲपॉप्टोसिसला सहज बळी पडत नाहीत. पॉलिमायोसायटिस या स्नायूंच्या दाहात तंतूंवर फास (मृत्यूचा संकेत घेणारं प्रथिन) दिसतो, तरी ॲपॉप्टोसिस क्वचितच. तिथे टी पेशी या रोगप्रतिकारक पेशी परफोरिन आणि ग्रॅन्झाइम या प्रथिनांनी तंतू मारतात. डीएनेजचा काप चमकत असेल, तर तुमचं 'ॲपॉप्टोसिस नाही' हे खरं उत्तर आहे. अहवालात तंतूतली, सॅटेलाइट पेशींची आणि बाहेरची चमकती केंद्रकं वेगवेगळी लिहा, सोबत मोजलेल्या तंतूंची संख्या.